बकाराम मापाऱ्याची वरची मूठ

आमच्या बकाराम आजाचा उभ्या आयुष्यात एकच मोठा रंगीत फोटो निघाला, आणि तो गोंदियात आमगाव रोडवरच्या एका मार्टच्या काचेवर लागला. फोटोत आजाच्या हातात तांदळाची पिशवी आहे, मान ताठ आहे, ओठावर थोडं हसूही आहे. खाली लाल अक्षरांत हिंदीत लिहिलं होतं की हा माणूस दुकानात चोरी करताना पकडला गेला. फोटो इतका झकास आला होता, की खालची ओळ कापून टाकली असती तर आम्ही तो फ्रेम करून घरात लावला असता.

आधी आजा कोण ते सांगतो. चोरीचं मागाहून.

बकाराम गहाणे हे माझ्या आईचे मामा. गाव कोहमाऱ्याहून आत, जिथं डांबर संपतं आणि तलाव सुरू होतो तिथं. आम्ही कोहळी लोक. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले, असं आम्ही भेटेल त्याला सांगतो. त्यानंतर आम्ही काय बांधलं ते मात्र कुणी विचारू नये. आजाच्या वाट्याला त्या पूर्वजांकडून तीन एकर जमीन आली आणि एक कुडो आला.

कुडो म्हणजे धान मोजायचं लाकडी माप, तोंडाला लोखंडी पट्टी मारलेलं. असे वीस झाले की एक खंडी. खळ्यावर रास पडली की आजाला बोलावणं यायचं. आजा राशीसमोर एक गुडघा टेकून बसायचा, कुडो भरायचा, तळहातानं वरचं धान सपाट करायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "लाभ!" पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मग दोन, तीन, चार. मधे कुणी हाक मारली, राशीतून विंचू निघाला, तरी आकडा हलायचा नाही. एकदा शेजारच्या तणसाच्या ढिगाला आग लागली तेव्हा आजा सतरावर होता. वीस करूनच उठला. तोवर आग विझली होती. ढिगाचा मालक रागावला, "सारं गाव आलं, तुमीच नाई आले." आजा म्हणाला, "मी येऊन का केलो असतो गा? आग मोजाची होती का?"

मोजणी संपली की शेवटी वरची मूठ. राशीतून एक मूठ भरून घ्यायची, मोजलेल्या धानावर सोडायची आणि हात झटकायचा. ही मूठ आकड्यात नसते. आकडा पुरा झाल्यावरच घालायची. आधी घातली तर लबाडी, आणि घातलीच नाही तर चिंधीपणा. "माप हक्काचं, मूठ मायेची," असं आजा म्हणायचा. भाजीवालीसुद्धा तोलून झाल्यावर दोन मिरच्या वर टाकते, त्यातलंच हे. फरक इतकाच की भाजीवाली मागितल्यावर टाकते, आणि आजाच्या मुठीशिवाय माप पुरं झालं असं आमच्या गावात कुणी मानत नव्हतं.

मग काटे आले. व्यापाऱ्यानं आणला, सोसायटीनं आणला, मग ज्याच्या घरी दोन एकर त्यानंही आणला. आजाचा कुडो खळ्यावरून उतरला आणि भिंतीला लागला. राहिली फक्त एक मोजणी, पानकराच्या वाट्याची.

पानकर म्हणजे तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत किती वेळ सोडायचं ते पाहणारा माणूस. त्याला पगार नसतो. पीक निघालं की प्रत्येक शेतकरी आपापलं धान आणून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टाकतो. त्या राशीतून एक वाटा पानकराचा, उरलेला तलावाच्या दुरुस्तीचा. इकडं जास्त गेलं की तिकडं कमी. म्हणून मधे असा मापारी लागतो ज्याच्या हातावर दोन्हीकडच्यांचा भरवसा असेल. एकेचाळीस वर्षं तो हात बकाराम आजाचा होता. पुसाच्या महिन्यातला तो एक दिवस. आजी वारल्यावर त्याच्या मुलानं, चंद्रकुमारमामानं, त्याला गोंदियाला आणलं, घराला टाळं लागलं, जमीन बटईनं गेली; तो दिवस मात्र आजाकडंच राहिला. दिवाळी झाली की तो कुडोला तेल लावायचा. वर्षाचे बाकीचे दिवस तो त्या दिवसाची वाट पाहण्यात काढत होता, असं म्हटलं तर त्याच्या सुनेलाही राग येणार नाही.

आता गोंदियात माणसानं करायचं काय? मामा सकाळी मिलवर जायचा. रेणूमामी शिलाई मशीनवर. आजा गच्चीवरून रस्ता पाहायचा. शेवटी मामीनं त्याला सामान आणायला पाठवायला सुरुवात केली, आणि तेवढ्यातच मार्टमध्ये त्या चार मशिनी आल्या.

तुम्हाला माहीत असेलच. आपणच वस्तू दाखवायची, आपणच पिशवीत टाकायची, आपणच पैसे द्यायचे, आणि आपणच स्वतःला धन्यवाद म्हणत बाहेर पडायचं. गोंदियात पहिला महिनाभर त्या मशिनींकडं लोक हनुमानाच्या देवळातल्या घंटेसारखं पाहायचे. जाता जाता हात लावायचा, आवाज झाला की पुढं निघायचं. जे धाडस करायचे त्यांचं कुटुंबच्या कुटुंब मशिनीवर तुटून पडायचं. नवरा बिस्किटाचा पुडा फिरवतोय, बायको पिशवीतलं तेल पुन्हा बाहेर काढून पाहतेय, धाकटा पोरगा बाजूच्या फळीवर चढून बसलाय. वर लाल दिवा. मशीन हिंदीत म्हणते, सामान हटाइए. मराठीचं बटनही होतं, पण ते कुणी दाबत नसे. मराठीत ती पुण्याहून बदली होऊन आलेल्या मास्तरीणबाईंसारखी बोलायची.

लाल दिवा लागला की संध्या धावायची. बिरसीची, म्हणजे विमानतळाच्या गावची पोरगी, मार्टात कामाला, गळ्यात कार्ड. ते कार्ड लावलं की दिवा हिरवा व्हायचा. दिवसभर चार मशिनींत ती अशी धावायची की विमानतळावरच्या धावपट्टीलाही दम लागावा.

आजा तीन रविवार थंड पाण्याच्या मशिनीजवळ बसून हे पाहत होता. चौथ्या रविवारी मी सोबत होतो. तो उठला, मशिनीच्या बाजूची ती फळी बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाला, "ह्याले टेबल कोन म्हनते गा? हा तं काटा होय."

आणि खरंच तो काटा होता. गोंदियातल्या शिकल्यासवरल्या माणसांना, त्यांत मी बी.ए. झालेला, ते कळलं नव्हतं. प्रत्येक वस्तूचं वजन मशिनीला माहीत असतं. दाखवलेली वस्तू आणि फळीवर ठेवलेली वस्तू सारखी भरली नाही की ती रुसते.

"ते पाहून नाई राहिली," आजा म्हणाला, "ते तोलून राहिली. लोकं तिच्याशी बोलत बसतेत."

त्या दिवसापासून आजाचं बिल गोंदियात सगळ्यांत सफाईनं व्हायला लागलं. घरची पिशवी आधी फळीवर ठेवायची आणि पडद्यावर सांगायचं की ही आपली आहे. मग एकेक वस्तू. काळ्या पट्ट्या सपाट धरायच्या, पुडा चुरगळलेला असेल तर बोटानं ताणायचा. टिंग झालं की फळीवर ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. प्रत्येक टिंगला आजा पुटपुटायचा: लाभ, दोन, तीन. शेवटी मामीचं कार्ड टेकवायचं, चिठ्ठी घ्यायची, आणि मगच पिशवी उचलायची. संध्याला एकदाही उठावं लागत नसे.

मग तो दुसऱ्यांना शिकवायला लागला. बायाबापड्यांना, मास्तरांना, एका फौजदारालासुद्धा. "हात काढा सायेब. हात ठेवून राहिले तं तुमचा हातबी तोलते ते." फौजदारानं हात काढला. गोंदियात फौजदाराचा हात काढवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

एका बाईनं विचारलं, "काय हो आजा, तुमी इथले सायेब का?"

"नाई वं माय, मी मापारी."

"म्हंजे?"

"म्हंजे हे मशीन जे आत्ता करून राहिली नं, ते मी एकेचाळीस वर्सं केलो. फक्त मले लाल दिवा नोहता."

लाल दिवा लागला की लोक ओरडायला लागले, "अरे, वो दादाजी को बुलाओ!" संध्यानं त्याला एक स्टूल मिळवून दिलं. मॅनेजर रोज चहा पाठवायचा. एका चहात पूर्णवेळ माणूस मिळत असेल तर कोण सोडेल? रेणूमामी मात्र वैतागली. "मामाजी, कोथिंबीर आनाले चार घंटे? वावरात लावून आनली का?" पण तिच्याही आवाजात राग कमीच असायचा. म्हातारा जेवायला लागला होता.

आजाला ती मशीन आवडायची याचं कारण मला उशिरा कळलं. माणसांनी काटे आणून त्याला घरी बसवलं होतं. त्या काट्यांवर त्याचा राग होता, कारण काट्याला व्यापाऱ्याचा अंगठा लागतो. हा काटा मात्र कुणाचाच नव्हता. दुकानदारालाही फसू देत नव्हता आणि गिऱ्हाइकालाही. "आपल्या जातीची हाय," तो म्हणायचा.

आता चोरी.

अश्विनात घरचा जुना तांदूळ संपला. बटईवाल्यानं यंदा कमी आणला होता, नवं धान अजून शेतात उभं. मामी म्हणाली, पाच किलो आणा, भागेल. आजानं जन्मात तांदूळ विकत घेतला नव्हता. तो दोन दिवस गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी गेला, आणि नेमकं त्याच दिवशी मॅनेजरनं त्याला दारातच गाठलं.

"दादाजी, अच्छा हुआ आप आ गए. नागपूर से बड़े साहब लोग आए हैं. उनको दिखाना है कि गाँव का आदमी भी कैसे फटाफट करता है."

दोन साहेब होते. एकानं मोबाइल वर धरला होता, चित्रण चालू. मीही होतो, आजाची ऐट पाहत, थोडा हसत. आता ते हसू आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

सुट्या तांदळाच्या पेट्या मागच्या बाजूला होत्या. आजानं चार पेट्यांतले दाणे दाताखाली मोडून पाहिले, एक पसंत केला, डावानं पिशवीत भरला. तिथल्या पोरीनं तोलून पाच किलोची चिठ्ठी चिकटवली आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. आजा पेटीकडं वाकला, उजव्या हातानं एक मूठ भरली, पिशवीत सोडली, हात झटकला आणि पिशवीला गाठ मारली. भर दुपारी, सगळ्यांसमोर. मी पाहिलं, आणि मलाही त्यात काही वाटलं नाही. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट माणसाला दिसत नाही.

मशीन क्रमांक दोन. पिशवी ठेवली, सांगितली. साबण, लाभ. हळद, दोन. चहापत्ती, तीन. साहेब खूश. तांदळाची चिठ्ठी दाखवली, चार. पिशवी फळीवर ठेवली, हात काढला.

लाल दिवा.

मॅनेजरचा चेहरा आधी लाल झाला की दिवा, हे सांगता यायचं नाही. संध्या कार्ड घेऊन निघाली, पण साहेबानं हात आडवा केला. त्याला पाहायचं होतं.

आणि आजा? आजा खूश झाला. अगदी मनापासून. मोबाइलकडं वळून म्हणाला, "पाहा! सांगून नोहतो राहिलो? मूठभर जास्त घातलं तं मूठभरच धरली. बराबर धरली!"

"मतलब?" साहेब म्हणाला. "चावल ज़्यादा है?"

"हव. मूठभर."

"किसने डाला?"

"मैंने डाला नं."

"वज़न होने के बाद?"

आजाला प्रश्नच कळेना. "बाद में ही डालते. पैले कैसे डालेंगे? पैले डालना तो बेइमानी है."

तिथं दिवाळीच्या खरेदीची गर्दी होती. दोघंतिघं हसले. मला वाटलं आता साहेबही हसतील आणि संपेल. पण साहेबांना नागपूरहून हसायला पाठवलेलं नव्हतं. मॅनेजरकडं पाहून तो इंग्रजीत काहीतरी बोलला. मॅनेजरनं आजाला खांद्याला धरून मागच्या खोलीत नेलं. मी आणि संध्या मागोमाग.

पिशवी पुन्हा तोलली गेली. मूठ भरली नव्वद ग्रॅम. त्यात चहासुद्धा आला नसता.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, फक्त घाबरलेला होता. त्यानं कोरा कागद पुढं केला. "दादाजी, इतना लिख दीजिए कि ग़लती से गिर गया. बात ख़तम."

"ग़लती नहीं हुई."

"अरे, तो फिर चोरी हुई!"

"चोरी कायले? मूठ हुई."

"ये मूठ-वूठ मैं साहब को क्या समझाऊँ? दो ही खाने हैं फ़ॉर्म में. ग़लती या चोरी."

संध्या खाली वाकून हळूच म्हणाली, "आजा, म्हना नं का चुकून पडलं. एक शब्द तं हाय. कोन पाहून राहिलं?"

"बाई," आजा म्हणाला, "माझ्या हातून चुकून पडत नाई."

मी म्हणालो, "आजा, कागदावर लिहाचं फक्त. मनातून थोडीच म्हनाचं हाय?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी बी.ए. कशात केलं हे त्याला त्या क्षणी पुरतं कळलं असावं. मग त्यानं समजावून सांगितलं, मलाही आणि मॅनेजरलाही, शांतपणे, जसं मशीन शिकवायचा तसं. मापाऱ्यानं एकदा लिहून दिलं की हात चुकला, मग तो हात आधी किती वेळा चुकला असेल? एकेचाळीस वर्षांच्या राशी आहेत. कुणीही उठेल आणि म्हणेल, अमक्या साली माझ्याकडं कमी आलं होतं. त्याला काय दाखवायचं? धान तर खाऊन झालं.

"चोर म्हना," तो म्हणाला. "मले मालूम हाय मी चोर नोहो. चुकलो म्हनान, तं मलेच वाटन का चुकलो असन."

मॅनेजरला मराठी कळत होती. त्यानं पेन खाली ठेवलं, कपाळ चोळलं, आणि दुसऱ्या खान्यात खूण केली. मग कंपनीच्या नियमाप्रमाणं मालासकट फोटो. आजा नीट उभा राहिला. फोटो काढतात तेव्हा हसायचं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

तो फोटो दुसऱ्या दिवशी काचेवर लागला. नियमाप्रमाणं एक महिना. दिवाळीचा महिना. सडक अर्जुनीपासून गोरेगावपर्यंतची माणसं कपड्यालत्त्याला गोंदियात येतात, आणि आल्यासारखं मार्टात शिरतात. संध्यानं फोटोवर साबणाच्या सवलतीचा कागद चिकटवला. कागद लहान पडला. एकावर एक मोफतच्या वरून आजाचे डोळे तेवढे दिसत राहिले. दोन दिवसांनी कुणीतरी तो कागदही काढला आणि संध्याला समज मिळाली.

मामा मॅनेजरला भेटून आला, हात जोडून आला. काही झालं नाही. घरी येऊन बापावर ओरडला, "एक शब्द बोलाले का जात होतं तुमचं?" आजा म्हणाला, "जे जात होतं ते माझंच होतं." मग दोघंही जेवले नाहीत, आणि मामीनं सगळं अन्न झाकून ठेवलं.

गावात फोटो पोचायला मोटारसायकल लागली नाही. मोबाइल होते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत तर सगळं गाव एका जागी. मला माझ्याच वर्गातल्या पोट्ट्यानं पाठवला, खाली हसणारी चार तोंडं. मी त्याला शिवी दिली. तो म्हणाला, "काऊन तापून राहिला बे? मी थोडीच काढलो."

आजानं कुडोला तेल लावलं, नेहमीसारखंच. मार्गशीर्ष गेला. पूस लागला. दरवर्षी तलाव समितीचा अध्यक्ष इंद्रकुमार फोन करायचा: आजा, अमक्या दिवशी या. यंदा फोन आला नाही. आजा मामाचा मोबाइल मागून घ्यायचा आणि रेंज आहे का ते मला विचारायचा. रेंज भरपूर होती. मी म्हणायचो, कमी आहे.

शेवटी तारीख आम्हाला दुसरीकडून कळली. आजा सकाळी पाचला धोतर नेसून तयार. मी मोटारसायकल काढली. कुडो त्यानं मांडीवर धरला होता.

पाळीवर रास पडली होती. पंधरा-वीस माणसं होती. आम्हाला पाहून बोलणं थांबलं. राशीच्या पलीकडं बोऱ्याखाली काहीतरी झाकलेलं होतं, आणि ज्या घाईनं दोघंजण त्याच्यासमोर उभे राहिले त्यावरूनच ते काय आहे हे कळत होतं.

इंद्रकुमार पुढं आला, पाया पडला. खोटं नाही, मनापासून पडला. "आजा, थंडीत कायले त्रास घेतले?"

"मोजाचं नाई का?"

"मोजाचं हाय नं. तुमीच मोजा. कोन नाई म्हन्ते?" तो इकडंतिकडं पाहून म्हणाला, "फक्त... मोजल्यावर आमी एकडाव काट्यावर पाहून घेऊन. तुमच्यासाठी नाई हो. नवे पोट्टे हायेत, तेयच्या समाधानासाठी."

नव्या पोट्ट्यांपैकी एक पन्नाशीचा होता.

आजानं त्या सगळ्यांकडं पाहिलं नाही. श्यामलालकडं पाहिलं. श्यामलाल आमचा पानकर. वीस वर्षं त्याचा वाटा आजाच्या हातून निघाला होता. रात्री-बेरात्री बांधावर फिरणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"श्यामलाल, धान तुह्यं होय. तुले का पायजे? माप का काटा?"

श्यामलाल पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"बोल गा."

"मले का आजा," तो म्हणाला. "समदे जे म्हनतीन ते."

बस. एवढंच. त्यानं चोर म्हटलं असतं तर आजा भांडला असता, मला ठाऊक आहे.

आजानं कुडो खाली ठेवला. मग म्हणाला, "एका राशीले दोन मापं लावत नाई. काटाच लावा."

दोघांनी बोरा काढला, काटा राशीजवळ ओढला, धान टाकायला लागले. आजा चार पावलं गेला आणि परतला. "पाळीले उतार हाय. असा ठेवान तं खोटं सांगन. त्या कोपऱ्याखाली चीप घाला." कुणीतरी दगडाची चीप आणली. आजानं खाली बसून ती स्वतः सरकवली, काट्यावरच्या बुडबुड्याकडं पाहिलं, पुन्हा थोडी सरकवली. "आता बराबर हाय," म्हणाला, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला. उठताना त्याला कुणी हात दिला नाही. मीसुद्धा नाही, मला सुचलंच नाही.

कुडो तिथंच राहिला, पाळीवर. मी घ्यायला वळलो तर म्हणाला, "राहू दे. पोट्टे त्यात पानी पितीन."

कोहमाऱ्याच्या ढाब्यावर मी दोन चहा सांगितले. त्यानं घेतला नाही. आजूबाजूला ट्रकवाले जेवत होते. मी धीर करून म्हणालो, "आजा, मार्टात चुकून म्हटलं असतं, तं हे झालं नसतं."

"झालं नसतं," तो म्हणाला.

आणि उठून मोटारसायकलकडं चालायला लागला.

याला आता दोन महिने झाले. फोटो केव्हाच उतरला. त्या जागी आता मॅगीची जाहिरात आहे. मशिनी चालूच आहेत, लोक सरावले आहेत, कुणी दादाजींना हाका मारत नाही. घरचं सामान मामी मोबाइलवरून मागवते. आजा गच्चीवरही जात नाही. रोग असा काही नाही. जेवण कमी झालं, मग खोकला लागला. मामा कामावर, म्हणून मामी आणि मी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरनं विचारलं, वय किती?

"असन सत्तर-पंच्याहत्तर," आजा म्हणाला.

खोकला किती दिवसांपासून?

आजानं खांदे उडवले. "असन आठ-पंधरा रोज. अंदाजे लिवा."

मामीनं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरला हळूच म्हणाली, "अकरा दिवस झाले."

डॉक्टरनं अकरा लिहिलं. आजा खिडकीबाहेर पाहत होता.